मटाराशेजारची फिल्म

आमच्या फ्रीजरमध्ये डाव्या हाताला मटार असतात आणि उजव्या हाताला फिल्म. मधे प्लॅस्टिकचा मोठा डबा आडवा घातलाय, कारण एकदा आईने मटाराची पिशवी समजून फिल्मची पिशवी गॅसशेजारी काढून ठेवली होती. दोन तास. त्यावर मी जे बोललो ते तिच्या अजून लक्षात आहे, आणि तिने जे सुनावलं ते माझ्याही.

यंदा हिवाळ्यात भाची सुट्टीला इंदूरला आली. मटाराच्या कचोऱ्यांचा बेत होता. फ्रीजरमध्ये हात घालताना डबा सरकला आणि तिच्या हाताला पेट्या लागल्या.

“मामा, काय जमवून राहिलायस हे?”

“शीट फिल्म. चार बाय पाच इंची, ब्लॅक अँड व्हाइट. हिचा रोल नसतो, एका फोटोला एक सुटी शीट.”

“मग काढत का नाहीस फोटो?”

“संपेल ना.”

ती हसली नाही. एक पेटी उलटी करून तिने तारीख वाचली. “ही २००७ ला एक्स्पायर झालीय. मी तेव्हा केजीत होते.”

कचोऱ्या झाल्यावर मी सगळ्या पेट्या ओट्यावर मांडल्या. प्रत्येकीवर खरेदीचा महिना पेन्सिलीने लिहायची मला सवय आहे. त्या ओळीने लावल्या तेव्हा कळलं की गरज पडली म्हणून मी फिल्म कधी घेतलेलीच नाही. घेतली ती घाबरून. ऑगस्ट २००४ मध्ये इंग्लंडातल्या इल्फर्ड या फिल्म कंपनीचा कारभार दिवाळखोरीच्या वाटेने परक्यांच्या हाती गेला, तेव्हाच्या तिच्या एचपी५ फिल्मच्या दोन पेट्या. २००५ मध्ये जर्मनीत अ‍ॅग्फाफोटो बुडाली. तिची शीट मिळाली नाही, म्हणून भीतीपोटी एचपी५ चीच तिसरी. जानेवारी २०१२ मध्ये कोडकने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, त्या महिन्यात ट्राय-एक्सची पन्नास शीटची पिवळी पेटी. तिच्यात माझ्या मोटारसायकलच्या दोन टायरांचे पैसे गेले. २०१८ मध्ये फूजीने अ‍ॅक्रॉस बंद केली, तेव्हाची शेवटची. (ही फिल्म पुढच्याच वर्षी ‘अ‍ॅक्रॉस दोन’ म्हणून परत आली, पण रोलमध्ये. शीट गेली ती गेली.) लोक सुतकात दाढी करत नाहीत, मी सुतकात खरेदी करतो.

हे वेड काकांकडून आलं. त्यांचा जेल रोडवर स्टुडिओ होता. तिथे शीट फिल्म असं कुणी म्हणत नसे, ‘कटफिल्म’ म्हणत. कॅमेरा हाफ प्लेटचा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांचा. सागवानी, पितळी स्क्रूंचा, चामड्याच्या भात्याचा. मूळचा काचेच्या प्लेटसाठी केलेला. कटफिल्म काचेपेक्षा पातळ, म्हणून ती आधी पत्र्याच्या चपट्या म्यानात सरकवायची आणि मग ते म्यान लाकडी स्लाइडमध्ये. गिऱ्हाईक बसलं की काका काळ्या फडक्यात शिरत, घोटीव काचेवर उलटा दिसणारा माणूस जुळवत, बाहेर येऊन स्लाइड लावत, “आता हलायचं नाही” म्हणत, आणि भिंगावरचं झाकण काढून मनात दोन आकडे मोजून परत लावत.

एवढी मोठी निगेटिव्ह कशाला, हा प्रश्न मी लहानपणी विचारला होता. उत्तर त्यांनी तोंडी दिलं नाही. खिडकीशी रिटचिंगची चौकट होती, तिच्यावर एक निगेटिव्ह ठेवून मला दाखवली. दाखवायच्या एका मुलीचा फोटो होता, गालावर देवीचे व्रण. प्रिंटमध्ये जे खड्डे काळे दिसतात ते निगेटिव्हवर फिकट असतात. काका सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने ते एकेक करून भरत होते. ठिपका, श्वास, ठिपका. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या निगेटिव्हवर हे काम होत नाही. त्या वयात मला ती फसवणूक वाटली होती. आता तसं ठामपणे म्हणवत नाही.

डार्करूममध्ये ते घड्याळ वापरत नसत, पाढे म्हणत. ट्रेमध्ये चार-सहा कटफिल्म एकावर एक, खालची वर काढायची, पुन्हा खालची वर, आणि मिट्ट काळोखात संथ सुरात बे एके बे. दोनपासून तीसपर्यंत झाले की निगेटिव्ह तयार. डिसेंबर-जानेवारीत डेव्हलपर गार पडून मंद चालतो, तेव्हा वर पावकी आणि निमकी. मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. तिसापर्यंतचे पाढे मला शाळेने शिकवले नाहीत, त्या दाराने शिकवले.

महिन्यातून एकदा सराफ्यातून एक माणूस कॅन घेऊन येई आणि वापरलेला हायपो, म्हणजे निगेटिव्ह पक्की करायचं पाणी, विकत नेई. फिल्मवर उजेड न लागलेली जेवढी चांदी असते तेवढी हायपोत उतरते. ती काढणारे लोक होते. इंदूरचा सराफा बाहेरगावच्यांना रात्रीच्या भुट्ट्याच्या किसामुळे आणि जिलेबीमुळे माहीत असतो, पण दिवसा तो सोन्याचांदीचाच बाजार आहे. २०२५ मध्ये तिथे चांदी किलोला दीड लाखाच्या वर गेली तेव्हा शेजारच्या बायका पैंजणांचा हिशेब करत होत्या आणि मी फ्रीजरचा.

पण फिल्म जगेल की जाईल हे काही चांदी ठरवत नाही. ते ठरतं कारखान्यातल्या पट्ट्याच्या रुंदीवर. चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये कालवून तो मसाला मीटरभराहून रुंद पट्ट्यावर पूर्ण काळोखात चढवायचा, वाळवायचा, मग कापायचं. मशीन एकदा सुरू झालं की हजारो मीटर निघाल्याशिवाय थांबवणं परवडत नाही. कोडकची मशीनं उभी राहिली ती सगळ्या जगाच्या सिनेमाच्या मापाने. सिनेमा डिजिटल झाला आणि लग्नाच्या पातेल्यात दोघांचा वरणभात शिजवायची वेळ आली. इल्फर्ड २००५ मध्ये तिथल्याच मॅनेजर मंडळींनी विकत घेतली आणि पातेलं लहान केलं. चेकमधल्या ह्रादेट्स क्रालोव्हे गावच्या फोमाचं पातेलं मुळातच लहान होतं. कोडकने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच्याच हिशेबात, पुढे चालू राहण्याबद्दल शंका असल्याची नोंद केली. मी वाचलं, आणि हात सवयीने पाकिटाकडे गेला.

रंगीत फिल्मचे डझनभर थर. ब्लॅक अँड व्हाइटचा मामला पुष्कळ साधा, म्हणून ती लहान कारखान्यातही निघू शकते. शीटची गोष्ट मात्र गाड्याबरोबर नळ्याची यात्रा अशी आहे. गाडा म्हणजे ३५ मिलिमीटरचा रोल, जो आजकाल कॉलेजातली पोरं हौसेने घालतात. त्यातही हा नळा जरा महागडा: रोलची फिल्म पातळ अ‍ॅसिटेटवर असते आणि शीट जाड पॉलिएस्टरवर, साधारण ०.१८ मिलिमीटरच्या, कारण स्लाइडमध्ये तिने स्वतःच्या अंगाने ताठ राहायचं असतं. मसाला तोच असला तरी तिच्यासाठी वेगळा पट्टा चढवावा लागतो. म्हणजे एखाद्या वर्षी शीटची मागणी घटली तर रोल ठणठणीत असतानाही शीट जाऊ शकते. फूजीचं तेच झालं.

या गावाला पेटीची काळजी नवी नाही. जुन्या काळचे नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७४ च्या सुमारास इथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर दुसरे आणि रेसिडेन्सीतले इंग्रज अधिकारी हेन्री डॅली यांचा त्यांना आश्रय. निजामाने ‘राजा’ केलं ते पुढे हैदराबादला गेल्यावर. त्या सुरुवातीच्या काळात काच ओली असतानाच फोटो घ्यावा लागे: तंबूत काचेवर कोलोडियन ओतायचं, चांदीच्या पाण्यात बुडवायचं, पळत जाऊन फोटो, पळत येऊन डेव्हलप. हाल होते, पण फिल्म म्हणाल तर तो माणूस स्वतःच बनवत होता. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनची वाट दाखवली, तयार कोरड्या प्लेट निघाल्या (इल्फर्डचा जन्म १८७९ चा, त्याच धंद्यातून) आणि त्या बोटीने विलायतेहून येऊ लागल्या. सोय झाली, आणि पेटी परक्या हातात गेली. स्वतंत्र भारताने ती परत आणायचा प्रयत्न केला. १९६० मध्ये उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स स्थापन झाली, १९६७ पासून माल निघू लागला, ‘इंदू’ या नावाने. काकांच्या कपाटात इंदूच्या ब्रोमाइड पेपरची रिकामी पाकिटं होती, त्यांत ते उधारीच्या चिठ्ठ्या ठेवत. तोही कारखाना बंद पडला. आता पुन्हा समुद्रापलीकडून.

डेव्हलपर मात्र मी घरी करतो. डी-७६ ला लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. आईच्या लोणच्याच्या मसाल्याहून सोपं. उद्या सगळी दुकानं बंद झाली तरी हे जमेल. कागदावर मसाला चढवणारे हौशी लोकही आहेत. फिल्म तेवढी जमत नाही.

तर भाचीने उचललेली ती २००७ वाली पेटी. “निदान एक तरी बघू,” ती म्हणाली. रात्री एक कोरी शीट, उजेड न दाखवता, तशीच डेव्हलप केली. अशी शीट जवळजवळ पारदर्शक निघायला हवी. दिव्याखाली धरली तर चहाच्या गाळणीतून बघावं तसं. कडेला जास्त दाट, मधे जरा बरी. ४०० वेगाची फिल्म, ती मुळातच लवकर धुरकटते, आणि त्या काळची मध्य प्रदेशातली वीज आठवा. २००३ ची निवडणूक वीज, सडक आणि पाणी यांवरच लढली गेली होती, आणि निवडणूक झाली म्हणून वीज काही दुसऱ्या दिवशी आली नाही. आमचा फ्रीज दिवसातून कितीदा वितळला असेल! मटार फेकून दिले, पेट्या ठेवल्या. एचपी५ च्या तिन्ही पेट्यांतली एकेक शीट काढून पाहिली. तिन्ही गेलेल्या.

गंमत बघा. ज्या कारखान्याच्या मरणाच्या धास्तीने मी ही फिल्म साठवली, तो वीस वर्षांनंतरही एचपी५ बनवतोय. मेली ती माझी पेटी. आणि त्याहून वाईट म्हणजे फ्रीजर भरलेला म्हणून मी २०१८ नंतर एकही पेटी घेतली नाही. कारखान्याच्या वहीत बघाल तर त्या वर्षीच मी वारलो.

आई पलंगावरून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “माझ्या महेश्वरीसारखं झालं.” तिच्या लग्नानंतर बाबांनी महेश्वरहून आणलेली गर्द जांभळी महेश्वरी, चटईच्या काठाची. चांगल्या दिवसासाठी म्हणून ती पेटीत राहिली. चांगले दिवस आले तेव्हा कुणाच्या बारशाला ही कशाला, असं होत गेलं. माझ्या मुंजीला काढली तर घडीघडीवर उसवलेली, जशी काही कुणी पट्टी लावून कापलीय. “सहा महिन्यांनी घडी मोडायची असते रे,” ती म्हणाली, “मी बघायला म्हणूनसुद्धा उघडली नाही, हात लागून खराब होईल म्हणून.”

या वर्षी मी दोन गोष्टी केल्या. इल्फर्ड वर्षातून एकदा आडमापाच्या शीटची मागणी घेते. हाफ प्लेटसुद्धा त्यात असते. मुंबईच्या दुकानदारामार्फत पंचवीस शीट नोंदवल्या. पैसे आत्ता, माल काही महिन्यांनी, आणि वाटेत विमानतळाच्या नव्या स्कॅनरने ती भाजली नाही तर. आठ बाय दहाची असती तर एकेक शीट घरपोच हजाराच्या घरात गेली असती, त्यामानाने हे सुसह्य. दुसरी गोष्ट म्हणजे दवा बाजारात जाऊन आठ बाय दहाची एक्स-रे फिल्म आणली.

एक्स-रे फिल्मला मोठ्या कॅमेऱ्यात घालणारे लोक जगभर आहेत. स्वस्त असते, शंभरची पेटी मिळते. खोड्याही आहेत. मसाला दोन्ही बाजूंना, त्यामुळे ट्रेच्या तळाला घासून ओरखडे पडतात. मी तळाशी काच घालतो. हिला तांबडा रंग दिसत नाही. म्हणून लाल दिव्यात काम करता येतं, आणि म्हणूनच फोटोत लाल वस्तू काळी येते. आठ बाय दहामधून हाफ प्लेटचे बरोबर दोन तुकडे निघतात: दहाच्या बाजूने पावणेपाच आणि पावणेपाच, अर्ध्या इंचाची पट्टी उरते, आठच्या बाजूने साडेसहा, दीड इंच उरतो. लाल दिव्याखाली कटरचं पातं चाललं की पट्टी गोल वळून पायाशी पडते. भाचीने त्या पट्ट्या जमवून पुस्तकांत खुणेला घातल्या. इंदूरच्या इस्पितळांतही एक्स-रे आता पुष्कळसा डिजिटल आहे, तेव्हा ही पेटी तरी किती दिवस मिळेल, हा विचार आलाच. मी तो तिथेच दाबला. चार पेट्या घेणार होतो, एक घेतली.

खरं सांगायचं तर ब्लॅक अँड व्हाइट शीट फिल्म माझ्या हयातीत संपेल असं मला आता वाटत नाही. प्रकार कमी होतील, भाव वाढेल, आडमाप मागणीवरच मिळेल. आधी संपतील ते भोवतालचे लोक. काकांच्या भिंगाचं शटर साफ करून देणारा माणूस सियागंजमागच्या गल्लीत बसायचा, त्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. भात्याला भोक पडलं तर चामडं चिकटवणारा बुकबाइंडर आहे, त्याचं वय शहात्तर. काकांच्या कॅमेऱ्याला चार बाय पाचच्या शीटसाठी वेगळी पाठ बसवून देणारा मल्हारगंजचा सुतार “पुन्हा असलं काम आणू नका साहेब” म्हणाला होता. शीट येईल इंग्लंडहून, ती कशात घालायची?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आईचा फोटो काढला. ती स्वतःहून म्हणाली, महेश्वरी नेसते. नेसता येण्यासारखी ती राहिली नव्हती, म्हणून साध्या सुती पातळावर तिचा धड उरलेला पदर पुढे घेतला, उसवलेल्या घड्या आत दाबल्या. कपाळावर कुंकू. बाबा गेले त्याच्या चौदाव्या दिवशी आईने आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हाताने कुंकू लावलं होतं. माझी एक आत्या त्यावरून वर्षभर आमच्याकडे पाणी प्यायली नाही. आईने तेव्हा वाद घातला नाही, पुसलंही नाही.

खिडकीशी बसवून मी दोन फोटो घेतले. एक लाकडी स्लाइडमधून, एक्स-रे फिल्मवर. दुसरा २०१२ च्या पिवळ्या पेटीतल्या ट्राय-एक्सवर. चौदा वर्षांत त्या पेटीचं सील पहिल्यांदा तोडलं. ट्राय-एक्ससाठी पूर्ण काळोख. कोपऱ्यातल्या खाचा बोटाने चाचपायच्या, त्या वर उजवीकडे आल्या की मसाल्याची बाजू आपल्याकडे. मोबाइलचं टायमर काळोखात चालत नाही आणि भाचीला पाढे बाराच्या पुढे येत नाहीत. मीच म्हटले. तेरा सक अठ्ठ्याहत्तरला ती हसायला लागली. थंडी होती, पावकीही म्हणावी लागली.

निगेटिव्ह दोन्ही चांगल्या आल्या. ट्राय-एक्सची तर अशी, की काकांनी खिडकीशी नेऊन मिनिटभर काही बोललेच नसते: पदराच्या जरीतला धागान् धागा, डोळ्यांत खिडकीचे चार चौकोन. प्रिंट काढून दोन्ही दोरीवर वाळत घातल्या. मी मुद्दाम ट्राय-एक्सची अलीकडे लावली.

आईने चष्मा लावला. पहिल्या प्रिंटवर तिची नजर फार वेळ थांबली नाही.

“ही कोण भुंड्या कपाळाची?”

मी नीट बघितलं. ट्राय-एक्सला सगळे रंग दिसतात. कुंकवाचा लाल तिने करड्या रंगात उतरवला होता आणि आईच्या कातडीचा गहूवर्णही जवळपास त्याच करड्यात. कपाळ कोरं. दुसऱ्या प्रिंटमध्ये कुंकू गोल, ठसठशीत, काळं, जुन्या काचेच्या प्लेटवरच्या आमच्या आजीच्या कपाळावर आहे तसं.

“ही दे मला,” आई म्हणाली.

“हिच्यात सुरकुत्या जास्त आल्यात, आजी.”

“असू देत. आहेत तेवढ्याच आल्यात.” ती प्रिंट तिने दोरीवरून ओलीच काढून घेतली. “केवढ्याची रे ही फिल्म?”

मी सांगितलं.

“आणि त्या पिवळ्या पेटीतली?”

तो आकडा मी सांगितला नाही.